गाडीच्या नावाचं मूळ कसं काढायचं?

आधी आरसी उघडा. मेकरच्या रकान्यात कंपनी, मॉडेलच्या रकान्यात गाडी. ‘छोटा हत्ती’ तिथं सापडणार नाही. टाटा मोटर्स आणि ‘एस’ (Ace) सापडेल. घोळ इथंच होतो. बोलेरो हा स्पेनमधला नाच, महिंद्रा हे आडनाव. दोन्हींचा शोध वेगवेगळा घ्यायचा.

कंपनीचं नाव बहुधा आडनावच असतं, म्हणून सुरुवात तिथून. ट्रॅक्टरच्या बॉनेटवरचा जॉन डीअर हा अमेरिकेतल्या इलिनॉयमधला लोहार. तिथली चिकट माती नांगराला धरून बसायची, अगदी पावसानंतरच्या आपल्या काळ्या रानासारखी. १८३७ मध्ये त्यानं घासून गुळगुळीत केलेल्या पोलादाचा नांगर केला. माती त्यावरून आपोआप सुटू लागली.

आडनाव जसंच्या तसं असेलच असं नाही. टोयोटाचं घराणं टोयोडा. १९३६ मध्ये ‘डा’चा ‘टा’ झाला, कारण जपानी लिपीत ‘टोयोटा’ हे अख्खं नाव आठ फटकाऱ्यांत लिहिता येतं आणि आठ तिथं शुभ. ऑगस्ट होर्ख यांना स्वतःचं नाव नव्या कंपनीला देता येईना. होर्ख म्हणजे जर्मनमध्ये ‘ऐक’. त्याचं लॅटिन ऑडी.

आडनाव नसेल तर देश बघून भाषा धरा: ह्युंदाई कोरियन, ‘आधुनिक’. मारुती तर आपलाच.

पानठेल्यावरच्या फुलफॉर्मवर विसंबू नका. फियाटचा खरा आहे, त्यात तुरिन शहर येतं. बाकीचे बहुतेक मागाहून जुळवलेले. स्थापनेचं मूळ नावही तपासा: महिंद्रा १९४५ मध्ये ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ होती.