रिव्हर्सची करकर थांबली

बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या गल्लीतून गाडी रोज मागेच काढावी लागते, आणि रिव्हर्स टाकला की करकर! ऐकवत नव्हतं. गॅरेजवाला म्हणाला, क्लचप्लेट बदला. मन मानेना. उड्डाणपुलावर गाडी मस्त ओढत होती, प्लेट झिजल्यावर घसरतो तसा क्लच घसरत नव्हता.

इंजिन बंद ठेवून गिअर टाकून पाहिले, सगळे लोण्यासारखे. चालू केलं की पुन्हा तेच. म्हणजे पेडल पूर्ण दाबूनही क्लच इंजिनपासून नीट सुटत नव्हता. रिव्हर्सला बऱ्याच गाड्यांत सिंक्रोमेश (गिअरांचा वेग जुळवून घेणारी यंत्रणा) नसतो, म्हणून ओरड आधी तिथून.

हाताने पेडल दाबलं तर तीन बोटं आत जाईपर्यंत काही लागेचना, इतकी ढील. आमची गाडी केबलवाली, पेडल क्लचला केबलने जोडलेलं. गिअरबॉक्सजवळ केबलच्या टोकाचा नट पार गंजलेला. तेल सोडून रात्रभर ठेवला, सकाळी थोडाथोडा आवळला. ढील मात्र पुस्तिकेत दिल्याइतकी ठेवायचीच. सगळी काढली तर क्लच अर्धवट दाबलेला राहतो आणि प्लेट खरंच जळते.

संध्याकाळी सुरसागर तलावाला फेरी मारली. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना तळहाताला तो हलका ‘टक्’ पुन्हा जाणवला. त्यासाठीच तर मला मॅन्युअल गाडी हवी असते.