आरसी ट्रकसाठी शॉक ऑइल कसं निवडायचं

आरसी म्हणजे रिमोटवर चालणारा ट्रक उडी मारून खाली आला की बेडकासारखा परत उसळतो, किंवा वळणावर एका बाजूला कललेला पटकन सरळच होत नाही, मग बरेच जण आधी नवीन स्प्रिंगा घ्यायला धावतात. पण स्प्रिंगचं काम वेगळं आहे. स्प्रिंग गाडीचं वजन पेलते आणि दाबली की परत येते, ती किती झपाट्याने दबणार आणि किती झपाट्याने परत येणार हे ठरवतं शॉकमधलं, म्हणजे चाकाचा धक्का झेलणाऱ्या नळीतलं ऑइल. एवढ्या कमी खर्चात गाडीची चाल इतकी बदलणारी दुसरी गोष्ट नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

बाटलीवर ऑइलच्या घट्टपणाचे दोन प्रकारचे आकडे दिसतात, एक वेट आणि दुसरा सीएसटी म्हणजे सेंटीस्टोक्स. वेटवर फार विसंबू नका कारण प्रत्येक कंपनीचं वेट वेगळं असतं. असोसिएटेड कंपनीचं ३० वेट म्हणजे ३५० सीएसटी, लोसी कंपनीचं ३० वेट ३३८, इथे फरक किरकोळ आहे, पण ५० वेटला असोसिएटेड ६५० आणि लोसी ७१०, म्हणजे आकडा तोच आणि ऑइल चक्क वेगळं. त्यामुळे कोणी सांगितलं की मी ४० टाकतो तर पहिला प्रश्न कुठल्या कंपनीचं हाच विचारायचा. सीएसटी हे घट्टपणाचं खरं माप आहे, साध्या पाण्याचं साधारण १ असतं, त्यावरून ३५० म्हणजे किती घट्ट याचा अंदाज येईल. एक कंपनी धरा आणि शक्यतो तीच ठेवा.

ऑइल सिलिकॉनचंच पाहिजे. घरात पडलेलं इंजिन ऑइल, बाइकच्या फोर्कचं ऑइल, शिलाई मशीनचं ऑइल यातलं काही चालणार नाही, खनिज तेलाने ओ-रिंग, म्हणजे ऑइल अडवणाऱ्या रबरी रिंगा, फुगू शकतात आणि मग शॉक अडकायला किंवा गळायला लागतो, शिवाय ही तेलं तापमानाबरोबर जास्त पातळ-घट्ट होतात. आणि डिफचं, म्हणजे चाकांना ताकद वाटणाऱ्या डिफरेन्शियल गिअरचं ऑइलसुद्धा सिलिकॉनचंच, बाटलीही तशीच दिसते, पण त्याचे आकडे ५००० किंवा १०००० असे हजारांत असतात. ते शॉकमध्ये ओतलं तर पिस्टन, म्हणजे रॉडच्या टोकाची आतली चकती, हलणारच नाही, म्हणून बाटली उघडायच्या आधी आकडा नीट वाचा.

सुरुवात कुठून करायची तर मॅन्युअलमध्ये दिलंय तिथून. १/१० साइजच्या (खऱ्या गाडीच्या दहाव्या भागाएवढ्या) शॉर्ट कोर्स किंवा स्टेडियम प्रकारच्या ट्रकला साधारण ३०० ते ४५० सीएसटीमध्ये काम होतं, १/८ चे जड ट्रक ४०० ते ७०० च्या आसपास जातात. मोठी बॅटरी टाकली, जड टायर लावले, कडक स्प्रिंगा टाकल्या, तर ऑइलही थोडं घट्ट लागणार, कारण कडक स्प्रिंग जास्त जोराने परत ढकलते आणि तिला आवरायला पातळ ऑइल पुरत नाही.

आता टेस्ट. बॅटरी आणि बॉडीसकट गाडी सपाट जमिनीवर साधारण ३० सेंटीमीटरवरून आडवी सरळ सोडा. चासी, म्हणजे गाडीचा तळ, जमिनीला अगदी हलकी टेकावी किंवा टेकता टेकता राहावी आणि गाडी एकदाच वर येऊन थांबावी. धाडकन आपटली तर ऑइल पातळ आहे, खाली बसलीच नाही आणि चाकंच उसळली तर घट्ट आहे. मग हाताने मागची बाजू पूर्ण दाबून सोडा, ती सलग एका वेगात वर यायला हवी, वर जाऊन परत खाली डोलली तर पातळ, आणि अशी सावकाश आली की वाट बघावी लागते, तर घट्ट. ही टेस्ट फक्त सुरुवातीचा अंदाज देते, खरा निकाल तुम्ही जिथे चालवता त्या जमिनीवरच लागतो.

खडबडीत, सुट्ट्या मातीची जागा असेल तर पातळकडे जा, चाक प्रत्येक खड्ड्यात उतरलं पाहिजे म्हणजे पकड राहते. गुळगुळीत आणि भरपूर ग्रिपची जागा असेल तर घट्ट, नाहीतर गाडी वळताना फार कलते. मोठ्या उड्यांसाठी पण घट्ट हवं असं लोक म्हणतात, ते अर्धंच खरं आहे आणि इथे पिस्टन मध्ये येतो.

पिस्टनला भोकं असतात आणि ऑइल त्यातूनच इकडून तिकडे जातं. गाडी हळू हलते तेव्हा ऑइल आरामात जातं, पण उंचावरून पडल्यावर पिस्टन इतक्या वेगात येतो की ऑइलला भोकातून निघायला वेळच मिळत नाही आणि शॉक क्षणभर जवळपास लॉक होतो, याला पॅक म्हणतात. भोकं लहान आणि ऑइल पातळ असेल तर पॅक लवकर येतो, भोकं मोठी आणि ऑइल घट्ट असेल तर उशिरा येतो, आणि गंमत म्हणजे दोन्ही सेटअप हाताने दाबून बघितले तर सारखेच वाटू शकतात. म्हणून उड्यांच्या ट्रॅकवर लहान भोकं चांगली, कारण पॅक चासीला आपटू देत नाही, आणि सारख्या खड्ड्यांच्या ट्रॅकवर मोठी भोकं चांगली, नाहीतर गाडी खड्ड्यावरून खड्ड्यावर नुसती टणाटण उडत जाते. पिस्टन बदलला की ऑइलचा जुना आकडा विसरा, परत टेस्ट करा.

पुढे-मागे एकच ऑइल असलं पाहिजे असं काही नाही, बऱ्याच ट्रकना पुढे थोडं घट्ट असतं. पुढचं घट्ट केलं की स्टीअरिंग जरा शांत होतं, पातळ केलं की गाडी पटकन वळते पण नाक जास्त खाली जातं. मागचं पातळ केलं की खड्ड्यांत पकड वाढते. बदलताना एका वेळी एकच टोक, आणि ५० ते ७५ सीएसटीच्या टप्प्याने, नाहीतर कशाने काय झालं ते कळणारच नाही.

तापमान लक्षात ठेवा. सीएसटीचा आकडा साधारणपणे २५ अंशांना मोजलेला असतो. शून्याच्या आसपास तेच ऑइल दीडपटीपेक्षा जास्त घट्ट होतं आणि ४० अंशांना बरंच पातळ. म्हणून थंडीत एक टप्पा पातळ, कडक उन्हात एक टप्पा घट्ट.

भरताना घाई करू नका, निम्म्या तक्रारी ऑइलच्या नसतात, आत राहिलेल्या हवेच्या असतात. शॉक उभा धरा, रॉड पूर्ण बाहेर ओढून पिस्टन तळाशी ठेवा आणि जवळजवळ काठोकाठ भरा. मग पिस्टन अगदी सावकाश वर-खाली करा, पिस्टन ऑइलच्या बाहेर येऊ द्यायचा नाही, भोकांमधून बारीक बुडबुडे वर येताना दिसतील. ते येणं थांबलं की पाच-दहा मिनिटं शॉक तसाच उभा ठेवून द्या, वरचा फेस विरला पाहिजे. ब्लॅडर, म्हणजे कॅपखालचा रबरी पडदा, असेल तर तो तिरका टेकवून हळूच बसवा, जास्तीचं ऑइल कडेने बाहेर येईल, येऊ दे, खाली कापड धरा आणि कॅप लावा. रॉड पूर्ण आत दाबून सोडा, किती बाहेर येतो ते बघा, आणि त्याच टोकाचा दुसरा शॉक बाजूला धरून तेवढाच बाहेर येतो का ते तपासा. डाव्या-उजव्यात फरक असेल तर गाडी एका बाजूला वेगळी वळणार, मग ऑइल कितीही चांगलं असो. दाबताना पचपच आवाज आला तर हवा आहे, परत उघडा.

मधला आकडा हवा असेल तर एकाच कंपनीची दोन ऑइलं मिसळता येतात, फक्त ३५० आणि ५०० निम्मी-निम्मी घेतली तर ४२५ च्या जरा खालीच येतं. आणि काढलेलं ऑइल करडं, गढूळ दिसलं तर ते वापरून संपलंय, परत ओतू नका. रॉडभोवती माती चिकटून ओलसर गोल दिसायला लागला तर नवीन ऑइलच्या आधी ओ-रिंग बदला.