स्मार्ट मीटरचा छोटा मेन्स सप्लाय: वॅट नंतर, आधी व्हीए मोजा

मीटरचा सप्लाय करायचा म्हटलं की सगळे आधी वॅट बघतात, पण इथे अडवतो तो व्हीए (व्होल्ट गुणिले अँपिअर). आयईसी ६२०५३-२१ या वीजमीटरच्या मानकाच्या २००३ च्या आवृत्तीत व्होल्टेज सर्किटला फेजमागे २ वॅट आणि १० व्हीए एवढीच मुभा होती, आणि कपॅसिटर ड्रॉपर (मेन्सला सिरीजमध्ये कपॅसिटर लावून करंट मर्यादित करणारा सप्लाय) वॅट फारसे खात नाही पण व्हीए भरपूर खातो. २३० व्होल्ट, ५० हर्ट्झला १ मायक्रोफॅरड लावला तर ७२ मिलीअँप वाहतात म्हणजे साडेसोळा व्हीए, लिमिटच्या पार बाहेर. ०.४७ घेतला की ३४ मिलीअँप, पावणेआठ व्हीए. बसतं.

रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा भाग) हाफ वेव्हच, म्हणजे अर्धीच सायकल घेणारा ठेवा. पूर्ण सायकल घेणारा ब्रिज लावून डीसी करंट दुप्पट मिळतो खरा, पण शंटने (करंटच्या वाटेतल्या छोट्या रेझिस्टरने) करंट मोजणाऱ्या मीटरला ग्राउंड एका मेन्स वायरला पक्का बांधलेला लागतो, ब्रिजमध्ये तो दर सायकलला उड्या मारतो. म्हणजे हातात आले साधारण १५ मिलीअँप.

आता खरी गंमत. ड्रॉपर जवळजवळ करंट सोर्ससारखा वागतो, त्यामुळे झेनर (व्होल्टेज ठरावीक ठेवणारा डायोड) ५ व्होल्टचा लावा की १५ चा, करंट तेवढाच येतो! मग १५ चाच लावा आणि पुढे छोटा बक कन्व्हर्टर (स्विचिंगने व्होल्टेज उतरवणारा) टाका, ८० टक्के एफिशियन्सी धरली तरी ३.३ व्होल्टला पन्नासेक मिलीअँप निघतात, एलडीओ (जादा व्होल्टेज उष्णतेत घालवणारा साधा रेग्युलेटर) लावला असता तर तेच १५.

कपॅसिटर एक्स-टू (मेन्सवर लावायचा सेफ्टी वर्ग), ३०५ किंवा ३१० व्होल्ट एसीचा, आणि सिरीजमध्ये वापरायला चालतो असं डेटाशीटमध्ये लिहिलेलाच घ्या, इथे कंजुषी नको. साध्या एक्स-टूची व्हॅल्यू दमटपणात वर्षानुवर्षं उतरत जाते, मीटर वरून धडधाकट दिसतो आणि मधूनच रिसेट होतो. लाइन-न्यूट्रलवर व्हॅरिस्टर (व्होल्टेजचा झटका शोषणारा), त्यानंतर १०० ओहमचा सर्ज झेलणारा वायरवाउंड रेझिस्टर, कपॅसिटरला समांतर ४७० किलोओहमचे दोन रेझिस्टर सिरीजमध्ये, नाहीतर लाइन काढल्यावरही झटका बसतो.

जीएसएम मोडेम असेल तर त्याचे बर्स्ट २ अँपपर्यंत जातात, ड्रॉपरच्या जोरावर ते होणार नाही, सुपरकॅप (खूप मोठ्या क्षमतेचा कपॅसिटर) लावा नाहीतर सरळ फ्लायबॅक (ट्रान्सफॉर्मरवाला स्विचिंग सप्लाय) करा. थ्री फेजच्या जागी न्यूट्रल तुटला तर इनपुटवर ४०० व्होल्ट एसीच्या आसपास येऊ शकतात, म्हणजे पीक ५६५, त्यामुळे फ्लायबॅकचा बल्क कपॅसिटर (रेक्टिफायरनंतरचा साठवणीचा) ४०० व्होल्टचा एकटा नको, दोन सिरीजमध्ये आणि बॅलन्सिंग रेझिस्टरसकट.

ड्रॉपरवाला बोर्ड अख्खा लाइव्ह असतो, स्कोपची ग्राउंड क्लिप थेट लावायची नाही, आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर किंवा डिफरेन्शियल प्रोब वापरा आणि प्रोग्रामरलाही आयसोलेटर लावा. शेवटी व्हेरिॲकवर (एसी व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर) १६० व्होल्टपर्यंत खाली या, करंट १० मिलीअँपवर आलेला असेल, तिथे कम्युनिकेशन चालू ठेवून रिले (वीज जोडणारा-तोडणारा स्विच) चालवून बघा, १५ व्होल्टची रेल बकच्या किमान इनपुटच्या खाली गेली तर रिलेसाठी वेगळा कपॅसिटर द्यावा लागेल.