हार्लेमवर क्राईम थ्रिलर लिहायचाय? आधी पैशाचा माग काढा
१९७०च्या आसपासचं न्यूयॉर्क घ्या, पण गोळीबाराने सुरुवात नका करू, आधी पैसा कुठून कुठे जातो ते ठरवा. हार्लेममध्ये, म्हणजे न्यूयॉर्कमधल्या काळ्या लोकांच्या वस्तीत, ‘नंबर्स’ चालायचं, तीन आकडी जुगार, आपल्या मटक्याचा भाऊच (मटकाही सुरुवातीला न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावावरच लागायचा की!). चिठ्ठ्या गोळा करणारा पोरगा काळा, वरचा वाटा बऱ्याचदा इटालियन माफियाचा आणि हप्ता खाणारा पोलीस गोरा, वंशाचा ताण इथूनच येऊ द्या, भाषणं टाकू नका. न्यूयॉर्क पोलिसांच्या लाचखोरीची चौकशी करणाऱ्या नॅप कमिशनने १९७२ला लाचखोर पोलिसांचे दोन प्रकार सांगितले, समोर येईल ते खाणारे आणि मागे लागून उकळणारे. हिरो पहिल्यातला करा, पार्टनर साफ ठेवा, मग गाडीतल्या साध्या गप्पांतही टेन्शन येतं.