मला आंबे आवडतात, मे गुस्तान लोस मांगोस

मे संपत आला की एखाददुसरा फोन येतोच. "मॅडम, माझं बी-टू झालंय, शाळेत स्पॅनिश शिकवायला जमेल का?" बी-टू म्हणजे ए-वन ते सी-टू या सहा पातळ्यांपैकी चौथी. मी पुण्यातल्या एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत आठवी ते बारावीला स्पॅनिश शिकवते. हे सतरावं वर्ष. फोनवर तेच तेच सांगून घसा बसतो, शिवाय फोनवर घरच्या गोष्टी सांगायच्या राहून जातात आणि नेमक्या त्याच महत्त्वाच्या असतात. म्हणून एकदाचं लिहून काढते.

मी बी.कॉम. नोकरी कंटाळवाणी होती म्हणून फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये संध्याकाळी भाषा शिकायला गेले. फ्रेंच, जर्मन सगळेच करतात, मग स्पॅनिश घेऊ, एवढाच विचार. पुढे लग्न झालं, मुलगी झाली, आणि ती बालवाडीत जायला लागली तेव्हा एका शाळेनं आठवड्याला सहा तासांसाठी बोलावलं. तासांवर पैसे, सुट्टीत शून्य. बहुतेक जणींची सुरुवात अशीच होते. 'व्हिजिटिंग' म्हणून घेतात, दोन-तीन वर्षांनी पोरांचे निकाल बघून कायम करतात. पूर्णवेळ हवं असेल तर बी.एड. करून टाका. मी 'नंतर बघू' म्हणत राहिले आणि शेवटी चाळिशीच्या तोंडावर, मुलीच्या सहामाहीच्या दिवसांत, पाठनियोजनाच्या वह्या रंगवत बसले.

प्रमाणपत्राबद्दल सगळ्यात जास्त विचारतात. देले ही परीक्षा इन्स्तितुतो सेर्व्हान्तेस ही स्पेन सरकारची संस्था घेते, तिचं प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं. सिएले ही दुसरी परीक्षा संगणकावर होते, निकाल लवकर लागतो, पण तिचं प्रमाणपत्र पाच वर्षांनी कालबाह्य होतं. शाळेसाठी देलेच करा, आणि बी-टूवर थांबू नका. मी सी-वन द्यायला 2015 साली दिल्लीच्या सेर्व्हान्तेसमध्ये गेले. वाचन-लेखनात 50 पैकी 41 आले, ऐकणं-बोलण्यात 28. बेरीज 69, म्हणजे आपल्या हिशेबानं फर्स्ट क्लास. पण देलेत दोन गट असतात आणि दोन्हीत वेगवेगळे किमान 30 लागतात. दोन गुणांसाठी 'नो आप्तो', म्हणजे नापास. व्याकरणाची पुस्तकं पाठ करणाऱ्या आपल्यासारख्या सगळ्यांची गोची इथेच होते. पुढचे आठ महिने मी पोळ्या लाटताना स्पेनच्या रेडिओवरच्या बातम्या लावून ठेवायचे. नवरा म्हणायचा, घरात कोणी भांडतंय असं वाटतं. दुसऱ्या खेपेला झाले पास.

आता शिकवण्याचं.

पहिल्या वर्षी आठवीला 'गुस्तार' म्हणजे 'आवडणे' हे क्रियापद शिकवताना माझी दाणादाण उडाली. पुस्तक इंग्रजीतून, त्यामुळे समजावणंही इंग्रजीतून. 'आय लाइक मँगोज'चं स्पॅनिश होताना कर्ता कर्म होतो, कर्म कर्ता होतं, बाण काढा, फळ्यावर उलटसुलट करा. पोरं 'यो गुस्तो', म्हणजे 'मी आवडतो', असं लिहीत राहिली. रविवारी मी डायनिंग टेबलवर दुसऱ्या दिवशीच्या तासाची तयारी मोठ्यानं करत होते. सासूबाई शेजारी मटार सोलत होत्या. 'मे गुस्ता एल मांगो, मे गुस्तान लोस मांगोस.' चार-पाच वेळा ऐकल्यावर त्या म्हणाल्या, "अगं, त्या दोन वाक्यांत फरक काय?"

"एक आंबा आणि अनेक आंबे."

"म्हणजे मला आंबा आवडतो, मला आंबे आवडतात. मग त्यात एवढं घोकायचं काय?"

मी हातातला खडू, म्हणजे पेन्सिल, खाली ठेवली. 'मे' म्हणजे 'मला'. क्रियापद आंब्याच्या मागे जातं, माझ्या मागे नाही. अगदी आपल्यासारखं. इतकी वर्षं मी मराठीतून इंग्रजीत जाऊन, तिथून स्पॅनिशला वळसा घालत होते. सोमवारी वर्गात जाऊन फळ्यावर फक्त दोन मराठी वाक्यं लिहिली आणि त्यांच्याखाली दोन स्पॅनिश. मागच्या बाकावरून 'ओऽऽ' असा आवाज आला. तो आवाज ज्यांनी ऐकलाय त्यांना मी काय म्हणते ते कळेल.

नवख्यांना माझं सगळ्यात पहिलं सांगणं हेच असतं. शाळेचं माध्यम काहीही असो, वर्गात मराठी किंवा हिंदी कळणारी पोरं असतात, त्यांच्या घरच्या भाषेचा आधार घ्या. हातातून ग्लास पडला की स्पॅनिशमध्ये 'मी पाडला' म्हणत नाहीत, 'से मे कायो' म्हणतात, म्हणजे 'माझ्या हातून पडला'. गृहपाठ विसरला तर 'से मे ओल्बिदो', 'माझा राहिलाच'. दोष आपल्यावर न घेण्याची ही सोय दोन्ही भाषांनी करून ठेवलीय, आणि नववीची पोरं ती पहिल्या दिवसापासून बिनचूक वापरतात. 'तू' आणि 'उस्तेद', म्हणजे आपलं 'तू' आणि 'तुम्ही', यासाठी तर काही सांगावंच लागत नाही. त-द हे आपले दंत्यच आहेत, त्यामुळे उच्चारही इंग्रजीवाल्यांपेक्षा साफ येतात.

पहिल्या तासाला मी पुस्तक उघडत नाही. पोर्तुगीजांकडून मराठीत आलेले शब्द लिहिते आणि पोर्तुगीजची सख्खी बहीण म्हणून स्पॅनिश शेजारी मांडते. साबण, हाबोन. चावी, यावे. पाव, पान. बादली, बाल्दे. पगार, आणि पैसे देणे या अर्थाचं 'पागार'. तास संपेपर्यंत भीती निम्मी झालेली असते.

मराठी दगाही देते, ते आधीच सांगून ठेवा. आपला हात पुल्लिंगी, त्यांचा 'मानो' शेवटी ओ असून स्त्रीलिंगी. आपल्याकडे एकच 'आहे', त्यांच्याकडे 'सेर' आणि 'एस्तार' अशी दोन क्रियापदं. एकानं निबंधात लिहिलं होतं, 'ला प्रोफेसोरा एस आबुर्रिदा'. त्याला म्हणायचं होतं बाई कंटाळल्यात, त्यासाठी 'एस्ता' हवं. 'एस' लिहिल्यावर अर्थ होतो, बाई कंटाळवाण्या आहेत. मी लाल रेघ मारली, पण अजून मला त्याची खात्री नाही. आणि वय सांगताना 'आन्योस'मधल्या एन-वरची नागमोडी रेघ विसरली तर वर्षांऐवजी शरीराच्या भलत्याच भागाचा उल्लेख होतो. हे आठवीत सांगावंच लागतं, चेहरा सरळ ठेवून. आरशासमोर सराव करा.

स्पेनचे उच्चार शिकवायचे की लॅटिन अमेरिकेचे, यावर फार डोकं पिकवू नका. परीक्षेत दोन्ही चालतात, एक धरून राहा म्हणजे झालं. फक्त 'बस पकडणे' याला स्पेनमधलं 'कोहेर' शिकवण्याआधी दोनदा विचार करा. मेक्सिकोत आणि अर्जेंटिनात तो शब्द चारचौघांत उच्चारण्यासारखा नाही. मी 'तोमार' शिकवते आणि गप्प बसते.

संस्कृतीच्या तासाला बुलफाइट आणि फ्लामेंको दाखवून मोकळं होणाऱ्या बाया मला आवडत नाहीत. मेक्सिकोत 1 आणि 2 नोव्हेंबरला मृतांचा दिवस असतो. घरात गेलेल्या माणसाचा फोटो मांडतात, त्याच्या आवडीचं जेवण ठेवतात, आणि सजावटीला झेंडू. आपल्या पोरांना याचं काही समजवावं लागत नाही, पितृपक्षात घरोघरी पान वाढलेलं त्यांनी बघितलेलं असतं. त्यांना धक्का बसतो तो पुढेच. आपण दसऱ्याला दाराला लावतो तो झेंडू मूळचा मेक्सिकोचा. मिरचीही तिकडची, शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला, म्हणजे ठेच्यातला फक्त लसूण आणि मीठ तेवढं तिकडचं नाही. एका वर्षी मी दसऱ्याचे उरलेले झेंडू डब्यात घालून वर्गात नेले होते. दिवाळीच्या सुट्टीमुळे तो तास कधीकधी नोव्हेंबरच्या मधोमध घ्यावा लागतो, चालतं.

तोंडी परीक्षा हा या नोकरीतला खरा घाम काढणारा भाग. आयजीसीएसई, म्हणजे केंब्रिज बोर्डाची दहावी, तिच्या तोंडीत एक रोल प्ले आणि दोन विषयांवर गप्पा, मिळून दहा-एक मिनिटं. परीक्षक आपणच, पण कार्डावरचे प्रश्न छापलेत तसेच विचारायचे. सगळं रेकॉर्ड करायचं, त्यातले नमुने केंब्रिजकडे जातात. समोरचं पोर तुम्ही आठवीपासून शिकवलेलं असतं, त्याला उत्तर येतंय हे तुम्हाला माहीत असतं, ते नुसतं अडलेलं असतं, आणि तुमच्या ओठांवर पहिला शब्द आलेला असतो. तो गिळायचा. मला हे जमायला तीन वर्षं लागली. आयबी या आंतरराष्ट्रीय बोर्डात अकरावी-बारावीला आब इनिसियो आणि बी असे वेगळे प्रकार आहेत. पहिलं कोरी पाटी घेऊन येणाऱ्यांसाठी, दुसरं आधी शिकलेल्यांसाठी. कुठल्या पोराला कुठे बसवायचं यावरून अकरावीच्या सुरुवातीला पालकांशी वाद होतात. लेखी नोंद ठेवा.

आणि पंखा बंद करा. एका सराव परीक्षेत मी बारा मुलांचं रेकॉर्डिंग केलं, घरी येऊन ऐकलं तर नुसता पंख्याचा घरघराट, मधूनच 'सी, सी'. तेव्हापासून आधी अर्धा मिनिट स्वतः बोलून ऐकते, मगच पहिल्याला आत घेते. मार्चमध्ये खिडक्या बंद आणि पंखा बंद, त्यामुळे घाम येतो म्हणाले तो शब्दशः.

घराचं सांगायचं तर फेब्रुवारी-मार्च आमच्या घरात मी नसतेच असं समजतात. एका वर्षी मुलीला ताप होता आणि माझ्या तोंडी परीक्षा लागलेल्या. तारीख बदलता येत नाही. नवऱ्यानं रजा टाकली, सासूबाईंनी रात्री जागून मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या. मी शाळेत सतरा मुलांना 'सुट्टीत तू कुठे गेला होतास' हे स्पॅनिशमधून हसत विचारत होते. त्या दिवसाचं मला अजून वाईट वाटतं. ज्या घरात ही वाटणी आधी बोलली गेलेली नाही, तिथे पहिल्या मार्चलाच खटके उडतात. जूनमध्येच बोलून घ्या.

मुलगी माझ्याच शाळेत होती. आठवीत दुसरी परकी भाषा निवडायची वेळ आली तेव्हा मी आधीच ठरवून टाकलं होतं, तिचे पेपर दुसऱ्या बाईंकडून तपासून घेऊ, म्हणजे कोणी बोट दाखवायला नको. फॉर्म घरी आणला तर त्यावर तिनं जर्मनवर टिक केलेली. "आई, घरी पण तूच आणि शाळेत पण तूच?" यावर काय बोलणार? दोन दिवस मी घुश्शात होते. नवरा हसत होता. तेव्हापासून ती मला जर्मनमधल्या तीन लिंगांचं 'डेर-डी-दास' ऐकवते आणि मी तिला सांगते, बाई गं, आमच्याकडे दोनच आहेत.

घरात स्पॅनिश शिकली ती सासूबाईंनी. कोणी शिकवलं नाही, मी तयारी करते ते ऐकून. आकडे वीसपर्यंत येतात, कुकरच्या शिट्ट्या त्या 'उनो, दोस, त्रेस' अशा मोजतात. पोरांच्या वह्यांचा गठ्ठा टेबलावरून हलवताना वरच्या वहीतलं वाक्य मला वाचून दाखवायला लावतात आणि मराठीत कसं म्हणायचं ते स्वतः ठरवतात.

गेल्या वर्षी एप्रिलच्या शेवटी शाळेत मेक्सिकोतल्या ग्वादालाहाराहून एक पाहुण्या शिक्षिका आल्या होत्या. त्यांना रविवारी घरी जेवायला बोलावलं. सासूबाई सकाळपासून आमरसाच्या मागे. पाहुणीनं पहिली वाटी संपवली तशी त्या माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "यांना 'ते गुस्ता' विचारू की 'ले'?"

"पहिल्यांदाच आल्यात, 'तुला' नको, 'तुम्हाला'. 'ले' म्हणा."

त्यांनी पदर नीट केला आणि स्पष्ट विचारलं, "ले गुस्ता?"

पाहुणी वाटी पुढे करत म्हणाली, "मे एन्कान्ता!"

सासूबाईंनी आमरसाचा डाव तसाच हातात धरून माझ्याकडे बघितलं. "हे कुठलं? हे तू कधी म्हणाली नाहीस."