उष्णतेचा धडा आणि प्रयोग : या चुका टाळा

पावसाळ्यात खानापूरकडच्या घरांत संध्याकाळी हमखास हाक ऐकू येते, "दार लाव की, थंडी आत यायलीय!" बोलायला हे ठीक आहे. पण मुलं हेच वाक्य विज्ञानाच्या पेपरात नेतात आणि तिथून पुढचं सगळं उत्तर चुकत जातं. थंडी नावाची वस्तू नसते. आत येते ती गार हवा, आणि आपल्या अंगातली उष्णता त्या हवेकडे जाते. उष्णता आपणहून जाते ती जास्त तापमानाकडून कमी तापमानाकडे. म्हणून उत्तर लिहिण्याआधी विचारा : इथे जास्त तापलेलं काय आहे?

हातावर विश्वास ठेवणं ही त्याहून जुनी चूक. डिसेंबरच्या सकाळी वर्गातल्या बाकाचा लोखंडी पाय गारठलेला लागतो, वरची फळी तितकी नाही. मुलं लिहितात, लोखंडाचं तापमान कमी. रात्रभर एकाच खोलीत राहिलेल्या दोन्हींचं तापमान सारखंच असतं. लोखंड हातातली उष्णता झपाट्याने नेतं, लाकूड सावकाश. हाताला कळतो तो उष्णता जाण्याचा वेग.

घोंगडीचंही तसंच. ती ऊब तयार करत नाही, लोकरीत अडकलेली हवा उष्णतेची वाट अडवते. बर्फाचा तुकडा घोंगडीत गुंडाळून पाहा, उघड्यावरच्या तुकड्यापेक्षा उशिरा वितळेल.

आता प्रयोगाकडे. उकळत्या पाण्यात थर्मामीटर ९७-९८ अंशांवर थांबतो, मुलं घाबरतात आणि वहीत १०० लिहून मोकळी होतात. मला सगळ्यात जास्त खटकतं ते हे. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. इथे हवेचा दाब कमी, म्हणून पाणी साधारण साडेसत्त्याण्णव अंशांनाच उकळतं. थर्मामीटर बिघडलेला नाही, दिसलं तेच लिहा. उकळी फुटल्यावर आच वाढवूनही पारा चढणार नाही. जादा उष्णता वाफ होण्यात खर्च होते, एका ग्रॅमला सुमारे ५४० कॅलरी.

मग तापलेला लोखंडी गोळा गार पाण्यात सोडायचा. गोळा ९७ अंशांवर, पाणी २५ वर, दोन्हींचं वस्तुमान सारखं. मुलं सरासरी काढून ६१ म्हणतात. प्रत्यक्षात मिश्रण ३२ च्या आसपास थांबतं, कारण एक ग्रॅम पाणी एक अंशाने तापवायला १ कॅलरी लागते, लोखंडाला जेमतेम ०.११. बेरीज-भागाकार करून सरासरी चालते ती पाण्यात पाणी मिसळताना.

एक ग्रॅम एक अंशाने तापवायला लागणारी ही उष्णता म्हणजे विशिष्ट उष्माधारकता, आणि या प्रयोगात गोळ्याची तीच काढायची असते. ती अपेक्षेपेक्षा जास्त आली, तर बहुधा गोळ्याबरोबर उकळत्या पाण्याचे थेंब कॅलरीमापीत, म्हणजे गार पाण्याच्या भांड्यात, गेलेले असतात. थोडंसं पाणीही बरीच उष्णता घेऊन येतं, म्हणून गोळा उचलताच झटकायचा. उत्तर कमी आलं, तर गोळा नेताना वेळ लागला, किंवा कॅलरीमापीच्या भांड्याने घेतलेली उष्णता हिशेबात धरायची राहिली. थर्मामीटरचा फुगा तळाला टेकू देऊ नका, आणि ढवळल्याशिवाय आकडा वाचू नका.

घरच्या माठाबद्दलही एक तक्रार दर पावसाळ्यात येते : "माठ बिघडला, पाणी गार होईना." माठ ठणठणीत असतो. छिद्रांतून झिरपलेलं पाणी बाहेरून वाफ होऊन उडतं, त्यासाठी लागणारी उष्णता माठातून जाते, म्हणून आतलं पाणी गार होतं. जुलैत खानापूरची हवाच ओलीचिंब असते, पाणी उडणार कसं? तोच माठ एप्रिलमध्ये अथणीच्या कोरड्या हवेत ठेवला तर पाणी दाताला लागेल. बाहेरून ऑइलपेंट मात्र लावू नका. छिद्रं बुजली की एप्रिलमध्येही पाणी गार होत नाही.