शाळेत करिअरवर बोलायला जाताय?
नववी-दहावीच्या मुलांसमोर बोलायचं असेल तर पीपीटी घरीच ठेवा. रोजच्या कामातली एखादी खरी वस्तू न्या. मी लालबागच्या एका शाळेत न्हावा शेवा बंदरात गेलेल्या मालाचं जुनं शिपिंग बिल (माल निर्यात करताना कस्टम्सला द्यायचा कागद) नेलं होतं, नावं-आकडे खोडून. मागच्या बाकावरची पोरंसुद्धा उठून पुढे आली.

प्रश्न चिठ्ठीवर मागवा, नाव न लिहिता. ‘पगार किती?’ येणारच. सुरुवातीचा खरा आकडा सांगा, लोकलचा पास वजा करून! दहावीनंतर पॉलिटेक्निकचा ३ वर्षांचा डिप्लोमा केला की इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. तेवढं आवर्जून सांगा. आपली यशोगाथा दोन मिनिटांत आटपा. आणि शेवटचा तास घेऊ नका, सगळ्यांचे कान घंटेकडे असतात.